पोटरीला काम द्या

माणूस उठून उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारा ओघ घटतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबग्राहींना ते लगेच कळते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. तरुणाला याचा पत्ताही लागत नाही. पंचाहत्तरीत ही यंत्रणा मंदावलेली असते. त्यात मधुमेहाने चेतातंतू दुखावलेले असतील, पार्किन्सन्सची, प्रोस्टेटची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरू शकतो. मग डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आपणच बसवून दिलेली दांडी हातात असताना आजोबा कोसळतात.

उभे राहायला मदत करणाऱ्या साधनांची आपण जी पारख करतो तिच्यात ही तीन मिनिटे नसतात. किती किलो पेलते, दारातून जाते का, किती सेकंदांत उभे करते, एवढे विचारून आपण थांबतो. वेग हा गुण मानणे ही मला यातली सर्वांत घातक सवय वाटते.

पोटरी आकसली की खोल शिरांतले रक्त वर ढकलले जाते आणि झडपा ते परत येऊ देत नाहीत. उभे करणाऱ्या साधनाची मोटर सगळे वजन स्वतः उचलते तेव्हा हा पंप जवळपास बंद राहतो. काखेखाली पट्टा, नडगीपुढे घट्ट गादी, पाऊल सपाट पाट्यावर जखडलेले; घोट्याने हलायचे कुठे? गादी गुडघ्याच्या वाटीच्या खाली टेकावी आणि नडगीबरोबर थोडी पुढे सरकावी. टाच उचलता येईल एवढी मोकळीक पाट्यावर हवी. पट्टा जांघेत किंवा गुडघ्यामागे रुतला तर शीरच दाबली जाते, म्हणून तिथे तो नकोच. आसनाखालच्या गॅस स्प्रिंगने वजनाचा काही भागच घ्यावा, उरलेला रुग्णाच्या मांड्यांनी उचलावा आणि हे प्रमाण थेरपिस्टला बदलता यावे. मुठी फार खाली असल्या की म्हातारी माणसे श्वास कोंडून जोर लावतात. कोंडलेल्या श्वासाने हृदयाकडे येणारे रक्त आणखी घटते.

सर्वांत जास्त आग्रह मात्र मधल्या टप्प्याचा. अर्धे उठल्यावर आसन तिथेच थांबावे, माणसाने टेकून मिनिटभर टाचा वरखाली कराव्यात, मग पुढे. उभे राहिल्यावरही तीन मिनिटे आसन पाठीशी राहावे. उठताक्षणी मागे सरकून जाणारे आसन मी कुणालाही सुचवणार नाही.

उंचीचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. गुडघे दुखतात म्हणून उंच खुर्ची आणि उंच कमोड सुचवला जातो. बुटक्या आजींचे पाय लोंबकळतात, आसनाची कड मांडीमागे दाबते आणि उठण्याआधीच रक्त साचू लागते. याउलट उकिडवे बसण्यात पायांच्या रक्तवाहिन्या दबून रक्तदाब टिकून असतो आणि उठताच तो झपकन उतरतो. देशी संडासात, तेही पहाटे, हे रोज घडते. तिथे एकच उभी दांडी लावून भागत नाही. खालची पकड, टेकायला स्टूल, मग वरची पकड, असे टप्पे हवेत. जेवणानंतरचे दोन तास आणि विदर्भातला उन्हाळा, दोन्हींत जास्त सावध राहावे लागते.

दाब देणाऱ्या पायमोज्यांबद्दल थोडेच सांगतो. साचणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा पोटात असतो, म्हणून पोटपट्टा अनेकदा अधिक उपयोगी पडतो. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर घट्ट मोजे घातक ठरू शकतात. आधी पायाची नाडी तपासा.

यातल्या बहुतेक सुधारणांना मोटर लागत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र नागरिकाला मिळणारे ३००० रुपये एखादी कमोड खुर्ची किंवा वॉकर घेण्याइतकेच पुरतात. त्याच खुर्चीची कड गोल करणे, पाय कमीजास्त उंचीचे करणे, मुठी योग्य जागी बसवणे हे गावातल्या वेल्डरलाही जमते. मोजमापे आपण द्यायची आहेत.

पुढच्या अंकापासून या मासिकात उभे राहण्याच्या साधनाचे परीक्षण छापताना चार नोंदी मागितल्या जातील: आडवे असताना, बसल्यावर, उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी रक्तदाब किती होता. या नोंदींशिवाय आलेला लेख परत पाठवावा लागेल, साधन कितीही देखणे असले तरी.