अंगणातली शर्यत

हिवाळ्याची सुट्टी लागली आणि धुके विरून ऊन गच्चीवर आले की दिल्लीची मुले खाली उतरतात. वसाहतींमधल्या पोरांचा एक जुना उद्योग म्हणजे बेअरिंगची गाडी. मोटार दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमधून निकामी बेअरिंग मागून आणायची, फळीखाली दोन दांडे ठोकायचे आणि दांड्यांच्या टोकांना ती घट्ट बसवायची. पुढचा दांडा एकाच बोल्टवर फिरता ठेवून त्याला सुतळी बांधली की स्टिअरिंग तयार. पुण्या-कोल्हापूरच्या मुलांना उतार आयता मिळतो. दिल्लीची जमीन बहुतेक सपाट, म्हणून इथे एकाने बसायचे आणि दुसऱ्याने पाठीला हात लावून ढकलत पळायचे. दम संपला की पाळी बदलायची. सिमेंटवर त्या गाडीचा असा खडखडाट होतो, की दुपारी जरा डोळा लागलेले आजोबा काठी घेऊन बाहेर यावेत! पण या गाडीचा एक गुण मानायला हवा. ढकलणाऱ्याच्या पायांत जेवढा जोर, तेवढाच तिचा वेग.

इंजिन आले की हा हिशेब बदलतो. दिल्ली, गुडगाव, नोएडाच्या परिसरात पैसे भरून गो-कार्ट चालवण्याची ठिकाणे आता नवलाईची राहिलेली नाहीत. ज्यांच्याकडे मोकळी जागा आहे त्यांना तर स्वतःचीच गाडी घ्यावी आणि मुलाच्या मित्रांना बोलावून अंगणात शर्यत लावावी, असा मोह होतो. त्यात गैर काही नाही. हा खेळ जन्माला आला तोच मुळी घरगुती हौसेतून. १९५६ साली दक्षिण कॅलिफोर्नियात शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी नळ्या जोडून एक बुटका सांगाडा केला आणि त्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले. पाहणाऱ्यांनाही तशीच गाडी हवीशी वाटू लागली आणि पासाडेना इथल्या रोझ बोल मैदानाच्या वाहनतळावर हौशी मंडळी जमू लागली.

तेव्हापासून या गाडीच्या रचनेत मूलभूत फरक फारसा झालेला नाही, आणि धोका नेमका कुठे आहे ते या रचनेतच कळते. गो-कार्टला स्प्रिंगा नसतात. खड्ड्याचा धक्का सांगाड्यातून सरळ मणक्याला बसतो, म्हणून पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी यात बसूच नये. बसण्याची जागा जमिनीपासून जेमतेम दोन-चार बोटे वर असते. त्यामुळे ताशी चाळीस किलोमीटरचा वेगही मोटारीतल्या ऐंशीसारखा भासतो. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की असतात. वळताना आतले चाक किंचित उचलले गेले तरच गाडी नीट वळते, नाहीतर ती सरळ घसरत जाते. आणि हा फिरता दांडा चालवणाऱ्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर असतो. कित्येक गाड्यांमध्ये त्यावर पुरते झाकणही नसते.

म्हणूनच २०१८ च्या फेब्रुवारीत हरियाणात पिंजोर इथे जे घडले ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे. कुटुंबाबरोबर सहलीला आलेल्या एका विवाहित तरुणीचे केस गो-कार्टच्या चाकात गुंतले आणि तिचा जीव गेला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादजवळ अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी अशाच अपघातात मरण पावली. १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात प्रसिद्ध नर्तिका इझाडोरा डंकन हिचा लांब स्कार्फ उघड्या मोटारीच्या चाकात अडकला होता, आणि तीही वाचली नाही. म्हणजे गेली जवळजवळ शंभर वर्षे माहीत असलेली ही गोष्ट आहे. तरीही पोरी मोकळ्या केसांनी आणि ओढणीसकट गाडीत बसतात, कारण फोटो चांगला येतो. ओढणी, मफलर, साडीचा पदर, स्वेटरची लोंबती नाडी यांतले काहीही अंगावर नको. नुसती वेणी घालून भागत नाही, कारण वेणीही तितकीच लांब असते. ती गुंडाळून कापडी टोपीखाली घ्यावी, वर हेल्मेट घालावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निघून जाते आणि केस मोकळे होतात.

मग मुलांना पाठवायचेच नाही का? याचे उत्तर जर्मनीतल्या एका साध्या घरात सापडते. रॉल्फ शूमाकर व्यवसायाने गवंडी होते. मुलगा चार वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या पायाने चालवायच्या गाडीला छोटे इंजिन बसवून दिले. पोराने ती रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर नेऊन आपटली. वडिलांनी गाडी मोडीत काढली नाही आणि मुलाला घरातही बसवले नाही, तर त्याला गावाजवळच्या कार्टिंग क्लबात नेले. पुढे वडील त्या ट्रॅकची देखभाल करू लागले आणि आई तिथल्या उपाहारगृहात काम करू लागली. तो मुलगा मायकेल शूमाकर पुढे सात वेळा जगज्जेता झाला. सगळ्यांची मुले शूमाकर होणार नाहीत, व्हायचे कारणही नाही. पण खांबावर आपटल्यावर त्या घराने जागा बदलली, छंद नाही.

आपल्याकडे जागा बदलायची म्हणजे कसे? पहिली गोष्ट, सोसायटीचा रस्ता हा ट्रॅक नव्हे. तिथे दूधवाला येतो, बाबागाडी येते. बॅटरीच्या गाडीचा तर आवाजही होत नाही, त्यामुळे समोरच्याला ती आल्याचे कळतसुद्धा नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘गाडी छोटीच तर होती’ हे सांगून तिथे सुटका होईलच असे नाही.

घरच्याच मोकळ्या जागेत चालवायची असेल तर एका वेळी एकच गाडी, कडेने जुने टायर दोरीने एकमेकांना बांधून रचलेले, आणि इंजिन बंद करायची कळ जवळच्या मोठ्या माणसाला ठाऊक असलेली, एवढे तरी हवेच. पेट्रोलची गाडी बंद गॅरेजमध्ये चालू करून बघू नये. तिच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि दिल्लीची हवा ज्या दिवशी ‘गंभीर’ जाहीर होते त्या दिवशी कोणतीच शर्यत नको.

ट्रॅकवर जाताना तिकिटाच्या दरापेक्षा मागच्या दांड्यावर आणि साखळीवर झाकण आहे की नाही ते आधी वाकून पाहावे. मुलाचे पाय पेडलपर्यंत पोहोचतात का? पोहोचत नसतील तर त्याला मांडीवर घेऊन बसण्याचा उपाय करू नये, पुढच्या वर्षी यावे. डावा पाय ब्रेकला, उजवा अ‍ॅक्सिलरेटरला, आणि दोन्ही एकदम कधीही नाहीत, हे बसण्यापूर्वी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावे. गाडी उलटी तोंड करून थांबली तर उतरून पळायचे नाही, हात वर करून बसून राहायचे. मागून येणाऱ्याला उभा माणूस चुकवणे अवघड जाते.

ज्याला हा नाद खरोखरच लागेल त्याला वाटही आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ साली भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा शेवटचा चौकड्यांचा झेंडा सचिन तेंडुलकरने फडकवला होता. २०१३ नंतर ती शर्यत तिथे झाली नाही, पण मुलाला त्या पाच किलोमीटरच्या ट्रॅकची गरजही नाही. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. मुंबईचा जेहान दारुवाला कार्टिंगमधूनच वर आला आणि २०२० साली फॉर्म्युला टू ची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. सुट्टीला आजोळी कोल्हापूरला जाणारी दिल्लीची मुले पन्हाळा पाहून झाल्यावर एक दुपार त्या ट्रॅककडे वळवू शकतात.