मांजरीची गाठ आणि लशीची धास्ती

जालन्यातील एका आजींच्या मांजरीला रेबीजची लस टोचलेल्या जागी गाठ आली. ‘ही विषाणूची गाठ का? मला लागेल का? पुढची लस बंद करू का?’ असे त्यांनी मला विचारले.

हजारो लशींमागे एखाद्या मांजरीत अशा जागी सार्कोमा हा कर्करोग उद्भवतो. अमेरिकेतील पशुवैद्यकांनी १९९१ साली त्याकडे लक्ष वेधले. पुढे मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू, पॅपिलोमा, पॉलिओमा असे संशयित विषाणू गाठींत शोधले गेले. त्यांचा हात असल्याचा पुरावा मिळाला नाही. आज मुख्य संशय आहे तो टोचल्या जागी रेंगाळणाऱ्या दाहावर. गाठ माणसाला लागत नाही.

बहुतेक गाठी आपोआप जिरतात. मात्र गाठ ३ महिने टिकली, २ सेंटीमीटरहून मोठी झाली किंवा लशीनंतर महिना उलटूनही वाढतच राहिली, तर पशुवैद्यांकडून तिचा तुकडा तपासून घ्यावा. मी माणसांचा डॉक्टर. ती चाचपून निदान सांगणे माझे काम नव्हे.

पुढची लस कधी व कोठे टोचावी, हेही त्यांनाच विचारावे. स्वतःहून बंद करू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. मांजर चावली वा तिने ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उतारवयातील पातळ त्वचेवर ओरखडा सहज उमटतो, आणि आजी-आजोबा तो सहज लपवतातही.