सव्वा डॉलरचं भूत

स्पष्टच सांगतो, मला हॅलोविनचं काडीचं कौतुक नव्हतं. अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी एकच काम इमानेइतबारे केलं. पोर्चचा दिवा बंद करून आतल्या खोलीत बसलो. इकडे बंद दिवा म्हणजे 'या घरी येऊ नका' असा संकेत. पोरं शहाणी असतात, बंद दिव्याचं घर सोडून पुढे जातात.

२०२४ मधे मात्र घोळ झाला. ३१ ऑक्टोबर ऐन दिवाळीत आला. दारात आकाशकंदील, पायऱ्यांवर पणत्या, म्हणजे आमचं घर अख्ख्या गल्लीत सगळ्यात झगझगीत! साडेसहाला बेल वाजलीच. दारात साडेतीन फुटी चेटकीण आणि तिच्याहून लहान एक डायनासोर. घरात चॉकलेट नावाला नाही, पण फराळाचे डबे गच्च. बायकोने कौतुकाने बेसनाचे लाडू आणले. मागे उभी असलेली त्यांची आई अवघडून हसली आणि म्हणाली की, घरी केलेलं आम्ही घेत नाही, सॉरी. चेटकिणीने पुढे केलेली पिशवी मागे घेतली.

दार लावल्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. लाडू परत डब्यात गेले.

राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण नंतर वाचलं तेव्हा त्या बाईंची बाजू कळली. एके काळी इथेही शेजारच्या घरी केलेल्या कुकीज, पॉपकॉर्नचे लाडू (हो, लाडूच!) सर्रास पिशवीत पडायचे. पुढे खाऊत ब्लेड आणि विष सापडल्याच्या बातम्या पसरल्या. १९८२ मधे शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमधे कुणीतरी सायनाइड घातलं, ७ माणसं गेली. त्यानंतर तर सुटा खाऊ थेट कचऱ्यात, हा नियमच झाला. जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ अशा बातम्या वर्षानुवर्षं तपासत आलेत. अनोळखी माणसाने हॅलोविनच्या खाऊत विष घालून मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलेलं नाही. पण भीती काही डेटा बघून जात नाही. उद्या मला मूल झालं तर मी तरी कुठे घेऊ देणार आहे?

तर आता माझा मुद्दा. खाऊ कारखान्यातला, पोरांचे कपडे कारखान्यातले. अनोळखी पोराला आपल्या हातचं असं काही द्यायचं असेल तर या सणात एकच जागा उरली आहे, ती म्हणजे दारातली सजावट. आणि आपण तीही विकत आणायला निघालो आहोत.

२०२० मधे होम डेपोने १२ फुटी सांगाडा काढला, किंमत २९९ डॉलर. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. २०२३ मधे इथल्या नॅशनल रिटेल फेडरेशनने हॅलोविनच्या एकूण खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर सांगितला होता. सांगाडा भारी आहे, वादच नाही. पण तिसऱ्या घरासमोर तोच सांगाडा दिसला की घाबरायचं कुणी आणि कशाला?

मुळात हा सण हातानेच करायचा. आयर्लंडमधे लोक सलगम कोरून त्याची भेसूर तोंडं करायचे. तीच माणसं अमेरिकेत आली, इथे भोपळा मिळाला. मोठा आणि कोरायला सोपा, मग सलगम मागे पडला. आमच्या घरापासून जवळच फ्रेमिंगहॅम आहे. तिथल्या डेनिसन कंपनीने १९०९ पासून 'बोगी बुक' नावाची पुस्तकं काढली. क्रेप पेपरपासून वटवाघळं, झालरी, टोप्या कशा करायच्या हे त्यात असायचं. कंपनीला स्वतःचा कागद खपवायचा होता, हे उघडच आहे. पण कापायचं आणि चिकटवायचं तुम्ही!

मग गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मधे, मीही बसलो. पहिला प्रयोग थडग्याचा. थर्मोकोलच्या जातीचा फोम आणला, झोकात राखाडी स्प्रे पेंट मारला, आणि डोळ्यांदेखत थडगं विरघळायला लागलं! स्प्रे पेंटमधलं सॉल्व्हंट फोम खातं, त्याला आधी पाण्यात कालवायच्या रंगाचा हात द्यावा लागतो. इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठे गेली होती कुणास ठाऊक. तसंही महाराष्ट्रात २०१८ मधे सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली आणि लोक पुठ्ठ्याची मखरं करू लागले. मग इथे येऊन मीच का फोम आणावा? घरी येणाऱ्या खोक्यांना तर तोटा नाही. पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवले, रंगात मूठभर वाळू कालवली, वरून पातळ काळ्या रंगाचे ओघळ सोडले. थडगं तयार. फक्त पावसात ठेवायचं नाही.

झुडपातले डोळे सगळ्यात सोपे. टॉयलेट पेपर संपला की उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीला डोळ्यांच्या आकाराची दोन भोकं पाडायची, आत ग्लो स्टिक, दोन्ही टोकं बंद. अंधारात झुडूप तुमच्याकडे बघतं.

आणि भूत. त्याला चीजक्लॉथ लागतं, म्हणजे आपण चक्का बांधतो ते विरळ फडकं. मला डॉलरच्या दुकानात सव्वा डॉलरला मिळालं. दोन लिटरच्या बाटलीवर फुगा, तारेचे हात. पांढरा गोंद आणि पाणी निम्मंनिम्मं करून त्यात फडकं बुडवायचं, वर पांघरायचं आणि रात्रभर वाळवायचं. सकाळी मी फुगा फोडला, आणि फुग्याला चिकटलेलं डोकं फुग्याबरोबर आत गेलं. भूतच बसलं! दुसऱ्यांदा फुग्याला आधी तेलाचा हात लावला आणि हवा हळूहळू सोडली. बाटली काढली तरी भूत आपलं आपण उभं. खाली बॅटरीचा दिवा ठेवला (खरी पणती चुकूनही नको, ते फडकं भुर्रकन पेटेल). उजेड खालून आला की पंधरा फुटांवरून गोंद, सुरकुत्या, माझी कलाकुसर, काही दिसत नाही. फक्त भूत दिसतं. एकूण खर्च १८ डॉलर, त्यात वाया गेलेला फोम धरून.

टीममधल्या एकाने हिशोब मांडला, "तुझा तासाचा रेट काढ, दोन शनिवार घातलेस, सांगाडा स्वस्त पडला असता." बरोबर. याच हिशोबाने रविवारचं क्रिकेटही बंद करायला हवं. शनिवारी मला रेट देतंय कोण? आणि भाड्याच्या घरात १२ फुटी सांगाडा उरलेले ३६४ दिवस झोपवायचा कुठे? ज्यांना लहान पोरांमुळे श्वास घ्यायला वेळ नाही त्यांनी खुशाल विकत आणावं, त्यांना माझा नमस्कार. पण वेळ आहे, हात आहेत, आणि तरी 'जमत नाही' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

दुसरा आक्षेप पुण्याहून, आईचा. "दिवाळीत दारात भुतं कसली?" दिवाळी तेव्हा होऊन गेली होती, पण कंदील अजून उतरवला नव्हता. त्याच्या उजेडात भूत उभं केलं. व्हिडिओ कॉलवर तिने ते निरखून पाहिलं आणि विचारलं, "खळ वापरलीस का?" तिच्या हातचा कंदील कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ यांचाच असायचा. त्यानंतर आक्षेप आला नाही.

३१ तारखेला पोर्चचा दिवा लावला. चॉकलेटं पाकिटातलीच होती, दुकानातून आणलेली. बरीच पोरं आली, घेऊन गेली. एक सहासात वर्षांचा अंतराळवीर मात्र भुतासमोरून हलेना. हे उभं कसं राहिलं, म्हणाला. मी म्हटलं, उचलून बघ. त्याने घाबरत घाबरत उचललं, आत डोकावला आणि ओरडला, "आत काहीच नाही!" त्याच्या बाबांनाही वाकून बघावं लागलं.

चॉकलेट राहिलंच होतं. ते त्याला मी मागून हाक मारून दिलं.