खोट्या नोटेला यंत्र, खोट्या औषधाला देव!

मंडळी, जन्म बँकेत गेला, म्हणून हिशेबाचंच बोलतो. काउंटरवर ५०० ची एक नोट खोटी निघाली तर शिक्का मारून जप्त होते. एका भरण्यात ५ निघाल्या तर पोलिसांत तक्रार. नोट तपासायला यंत्र आहे. लाखाच्या इंजेक्शनला काय? लेबल बघा आणि हात जोडा.

मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी टोळी पकडली. रुग्णालयांतल्या काही कर्मचाऱ्यांकडून कॅन्सरच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या घेऊन त्यांत बुरशीवरचं औषध भरत होते. बाटली खरी, लेबल खरं, आतलं खोटं!

ताप उतरला नाही तर दोन दिवसांत कळतं. केमोचा गुण आला नाही तर सगळे म्हणतात, रोगच वाईट होता. औषधाची चौकशी होत नाही. चोराला हेच पाहिजे. आमच्या वहिनींच्या केमोच्या वेळी मी प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर वहीत टिपायचो. लोक हसायचे. हसोत बापडे!

‘लहान गावात तपासणी कुठून आणायची?’ हे उत्तर मला मान्य नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाने कागदाचं कार्ड बनवलंय. औषध लावून कार्ड पाण्यात धरलं की रंग उमटतात आणि आत भलतंच असेल तर काही मिनिटांत कळतं. औषध थोडं कमी असेल तर ते कार्डाला कळत नाही; त्याला मोठी लॅब लागतेच. पण पहिली चाळणी तरी लावा!

छिंदवाड्याची लेकरं विसरलात? २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के विष निघालं, तामिळनाडूच्या सरकारी लॅबमध्ये. तोवर इथे मुलं दगावत होती.

२०२५-२६ च्या बजेटात सांगितलंय, ३ वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर सेंटर. उद्या आपल्या बऱ्हाणपुरातही केमो मिळेल. इंदूर-जळगावच्या खेपा वाचतील. आनंदच आहे. पण खुर्च्यांबरोबर तपासणीही आली पाहिजे, हे आत्ताच मागा.

तोवर आपण एवढं करू. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर बघा. रिकाम्या बाटलीचं लेबल आपल्यासमोर फाडायला सांगा. आणि १९४० च्या औषध कायद्याचं कलम २६ लक्षात ठेवा : विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क कुणालाही आहे.

खोट्या नोटेत पैसे जातात. इथे माणूस जातो.