'छोटा भारत' म्हणू नका हो!

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यासमोर येतात. एक, निळं पाणी आणि हनिमूनचे फोटो. दुसरं, "अगं, तिकडे आपलीच माणसं आहेत, गणपतीची सार्वजनिक सुट्टी असते!" मग कुणीतरी 'छोटा भारत' म्हणतं आणि विषय संपतो. मला या 'छोटा भारत'चा मनापासून कंटाळा आला आहे. का, ते सांगतो. त्यासाठी त्या देशाचं फक्त एक वर्ष बघू या, २०२४ हे वर्ष.

लोकसंख्या जेमतेम साडेबारा लाख. क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाहून किंचित जास्त. वर्षाची सुरुवातच वादळाने झाली. जानेवारीत 'बेलाल' चक्रीवादळ आलं, राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. इशारा वेळेवर दिला नाही म्हणून लोक एवढे भडकले की हवामान खात्याच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. (आपल्याकडे पाणी तुंबलं की कोण पायउतार होतं? असो.)

मग आला ३ ऑक्टोबर. चागोस बेटांवरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व ब्रिटनने मान्य केल्याची घोषणा झाली. ही बेटं ब्रिटनने १९६५ मध्ये, म्हणजे मॉरिशसला १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळण्याआधीच, तोडून घेतली होती. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून तिथली सगळी माणसं, दीड-दोन हजार, बेटांवरून हाकलली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिलं होतं. एवढ्याशा देशाने ब्रिटनला नमवलं! पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी दुसऱ्याच दिवशी संसद बरखास्त करून निवडणूक जाहीर केली. लोखंड तापलं होतं, घाव घालायचा होता.

पण मधेच निघाल्या ध्वनिफिती. 'मिस्ये मुस्तास' (म्हणजे मिशीवाले साहेब) नावाच्या एका निनावी खात्यावरून फोनवरची संभाषणं एकामागून एक बाहेर पडू लागली. राजकारणी, पोलीस अधिकारी, पत्रकार, वकील, परदेशी मुत्सद्दी, सगळ्यांची. एका फितीवरून तर पोलिसांच्या मारहाणीनंतर मेलेल्या माणसाचा वैद्यकीय अहवाल बदलण्याबद्दल बोलणं झाल्याचा आरोप झाला. सरकार म्हणालं, हे सगळं संगणकाने बनवलेलं बनावट आहे. लोकांना पडलेला प्रश्न साधा होता: एवढ्या लोकांचे फोन ऐकत कोण होतं?

सरकारने यावर काय करावं? ऑक्टोबरच्या अखेरीस, मतदानाला दहा दिवस राहिलेले असताना, दूरसंचार नियामकाने सगळ्या कंपन्यांना आदेश दिला की ११ नोव्हेंबरपर्यंत समाजमाध्यमं बंद. कारण? राष्ट्रीय सुरक्षा! मतदान १० तारखेला. म्हणजे मत टाकून होईपर्यंत गप्प बसा.

आणि इथेच 'छोटा भारत' हे लेबल गळून पडतं. विरोधी पक्ष, पत्रकार, साधी माणसं, सगळ्यांनी असा गदारोळ केला की बंदी दोन दिवसांच्या आत मागे घ्यावी लागली. आता आपल्या मोठ्या भारताकडे बघा. त्याच २०२४ मध्ये 'ॲक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीत आपल्याकडे ८४ वेळा इंटरनेट बंद केलं गेलं. आपण काय केलं? "नेट गेलंय वाटतं" म्हणून राउटर बंद करून चालू केला. कधी परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून, कधी आंदोलन पसरू नये म्हणून, आणि आपण ते पावसासारखं सोसतो. पावसाला काय जाब विचारायचा!

मॉरिशसच्या लोकांनी जाब विचारला. सुमारे ऐंशी टक्के मतदारांनी मतदान केलं आणि नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने थेट निवडून द्यायच्या ६२ पैकी ६० जागा घेतल्या. उरलेल्या दोन रॉड्रिग्स बेटावरच्या, त्या तिथल्या स्थानिक पक्षाकडे गेल्या. सत्ताधारी आघाडीला एकही थेट जागा नाही. खुद्द पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात पडले. चागोसचा विजय खिशात असताना! लोकांनी जणू सांगितलं की बेटं परत आणलीत, आभारी आहोत, पण म्हणून आमचे फोन ऐकायचा परवाना दिलेला नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्ही फारच कौतुक करताय. नाही हो, कौतुकालाही जागेवर ठेवू. १९६८ पासून या देशाचं पंतप्रधानपद, २००३ ते २००५ ही पॉल बेराँजे यांची दोनेक वर्षं सोडली, तर दोनच घराण्यांत फिरतं आहे. शिवसागर रामगुलाम आणि त्यांचा मुलगा नवीन, अनिरुद्ध जगन्नाथ आणि त्यांचा मुलगा प्रविंद. २०१७ मध्ये तर वडिलांनी खुर्ची सोडली आणि मुलगा बसला, मधे निवडणूकच नाही. शिवाय तिथली निवडणूक पद्धत अशी की २०१९ मध्ये जगन्नाथांच्या आघाडीला ३७ टक्क्यांच्या आसपास मतांवर बहुमत मिळालं होतं आणि २०२४ मध्ये हरलेल्यांना चौथ्या हिश्शाहून जास्त मतं मिळूनही थेट जागा शून्य. वर 'बेस्ट लूजर' नावाच्या पद्धतीने पराभूतांतून काही जागा धर्म-वंश बघून भरायच्या, त्याला आधार १९७२ च्या जनगणनेचा! घराणेशाही आणि जातवार हिशोब, हा भाग मात्र अगदी घरचाच वाटला ना?

पण फरक पुढे आहे. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या सरकारने सार्वत्रिक वृद्धापकाळ पेन्शनचं वय साठवरून टप्प्याटप्प्याने पासष्टवर न्यायचं ठरवलं. आणि साठ जागा देणारी हीच जनता सात महिन्यांत रस्त्यावर उतरली. नेत्याला निवडलं म्हणजे त्याची आरती ओवाळायची असं त्यांना वाटत नाही. आपल्याकडे मत दिलं की माणूस वकीलपत्रच घेतो. घरच्या व्हॉट्सॲप गटावर बघा, कोण कुणाचा वकील आहे ते लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट, जी 'आपलीच माणसं' म्हणणाऱ्यांना ऐकायला आवडणार नाही. मॉरिशसच्या मुख्य बेटापासून हजारेक किलोमीटर उत्तरेला अगालेगा आहे, वस्ती सुमारे तीनशे. २९ फेब्रुवारी २०२४ ला तिथे भारताने बांधलेल्या धावपट्टीचं आणि धक्क्याचं उद्घाटन झालं. तीनशे माणसांसाठी तीन किलोमीटरची धावपट्टी! दोन्ही सरकारं म्हणतात हा लष्करी तळ नाही. ठीक आहे. पण धावपट्टीची लांबी बघून तिथल्या लोकांना चागोस आठवला, तर त्यांना भारतद्वेष्टे म्हणायचा आपल्याला काय अधिकार? चागोसच्या लोकांनाही कुणी विचारलं नव्हतं. ब्रिटन-अमेरिकेवर टीका करताना आपला आवाज चढतो, अगालेगा म्हटलं की घसा बसतो.

एप्रिल २०२३ मध्ये मॉरिशसला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा मराठी वृत्तवाहिन्यांनी केवढा आनंद साजरा केला! चांगलंच झालं. पण दीड वर्षाने तिथले मराठी वंशाचे नागरिक इतरांच्या बरोबरीने रांगेत उभं राहून सरकार उलथवत होते, तेव्हा आपण आपल्या विधानसभेच्या धामधुमीत होतो, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचे पणजोबा रत्नागिरी-साताऱ्याकडून उसाच्या मळ्यांत राबायला गेले, हे आपल्याला पाठ असतं. ते आज क्रिओल बोलणारे, स्वतंत्र देशाचे डोकं चालवणारे मतदार आहेत, हे लक्षात राहत नाही. आपल्याला पणजोबा हवे असतात, नागरिक नको असतो.

म्हणून म्हणतो, त्यांना 'छोटा भारत' म्हणून गालगुच्चे घेऊ नका. फोन ऐकणं आणि तोंड बंद करणं या दोन गोष्टी त्यांनी खपवून घेतल्या नाहीत. आपण दोन्हींची सवय करून घेतली आहे. कोण छोटं, ते ज्याने त्याने ठरवावं.