आरसीडी आहे, पण चालतो का?

उन्हाळा आला की इथे इंग्लंडमध्ये कॅराव्हॅनच्या सहली आणि मंडळांचे मेळावे सुरू होतात, मागोमाग गणपती. मैदानात खाण्याच्या व्हॅन, पोर्टाकेबिन, भाड्याचा जनरेटर असं सगळं उभं राहतं. जेवणाचं, पार्किंगचं चोख नियोजन करणारी आपली मंडळी विजेच्या बाबतीत मात्र 'आरसीडी आहे ना, मग झालं' म्हणून मोकळी होतात. इलेक्ट्रिशियन म्हणून मला हे पटत नाही.

आरसीडी म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला ईएलसीबी म्हणतात तेच. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, तर तो पुरवठा तोडतो. माणसाच्या संरक्षणासाठी तो 30 मिलिअँपिअरचा असतो आणि तेवढ्या गळतीला 300 मिलिसेकंदांच्या आत ट्रिप व्हायला हवा. पण आतला खटका यांत्रिक आहे. घरातल्या भिंतीवर तो निवांत बसतो. गाडीत त्याला हादरे, धूळ, ओल आणि हिवाळाभर बंद पडून राहणं सोसावं लागतं. खटका अडकतो, स्क्रू सैल होतात, अर्थिंगची तार सुटते.

'टी' लिहिलेलं बटण दर 6 महिन्यांनी दाबावं, असं इथली नियमावली बीएस 7671 सांगते. जागा बदलणाऱ्या गाडीला एवढं पुरेसं नाही. प्रत्येक नव्या ठिकाणी जोडणी केली की बटण दाबायलाच हवं. मात्र बटणामुळे फक्त खटका हलतो एवढंच कळतं. अर्थिंग शाबूत आहे का, ट्रिप व्हायला किती वेळ लागतो, हे मीटरच सांगतो. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल, तर बटणाने आरसीडी ट्रिप होईल, पण खऱ्या गळतीला होईलच असं नाही.

'सारखा ट्रिप होतो, ऐन आरतीत अंधार होतो' म्हणून कुणी तो बायपास करायला निघतं. ट्रिप होणं ही त्याची खोडी नव्हे, इशारा असतो. बिघडलेलं उपकरण शोधा, बाजूला काढा. स्टॉल, दिवे, साउंड यांना वेगवेगळे आरसीडी द्या, म्हणजे एका किटलीपायी सगळा मांडव अंधारात जाणार नाही.

मंडळांनी जनरेटर किंवा व्हॅन ठरवताना कागदावर समाधान मानू नये. जोडणी झाल्यावर, लोक यायच्या आधी, जाणकार इलेक्ट्रिशियनकडून जागेवर तपासणी करून घ्यावी. गावाकडे फोन कराल तेव्हा तिथल्या मंडपाबद्दल आणि नाक्यावरच्या वडापावच्या गाडीबद्दलही एवढं विचारा: बटण शेवटचं कधी दाबलं होतं?