कोयता, टोळी आणि प्रकल्पाचे गुण

संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षाला चार-चार विद्यार्थ्यांचे गट पाडून प्रकल्प द्यावयाचे आणि त्यातून 'संघभावना' व 'संवादकौशल्य' शिकविल्याचे कागदोपत्री सिद्ध करावयाचे, ही रीत बीड जिल्ह्यातही रुळली आहे. 2014 साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. अभियंत्याच्या अंगी हे गुण असावेत, ही त्याची अपेक्षा रास्तच आहे. अंमलबजावणी मात्र अशी, की एकजण रात्री जागून आज्ञावली लिहितो, दुसरा अहवाल छापून आणतो, उरलेले दोघे सह्या करतात. ऐपत असेल तर प्रकल्प तयारच विकत मिळतो. गुण चौघांना सारखे! दुसऱ्याच्या श्रमावर जगण्याचा पहिला धडा विद्यार्थ्याच्याच फीमधून दिला जातो.

आणि हे कोठे? ज्या जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, तेथे. नवराबायको मिळून एक कोयता. तोडणी, मोळी बांधणे, गाडी भरणे, या श्रमविभागणीसाठी त्यांना व्याख्याता लागत नाही. परंतु उचल किती, फिटली किती, खाड्यापोटी कापले किती, हे मुकादमाच्या वहीत असते. सहकार्य निराळे आणि बरोबरी निराळी, हे या मजुरांची मुले घरूनच शिकून येतात. वर्गातही त्यांनी मुकादमीच पाहावी काय?

संवादाची तऱ्हा याहून केविलवाणी. इंग्रजीतले पाठ केलेले सादरीकरण म्हणजे संवाद! फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 सालीच दाखवून दिले, की रखडलेल्या कामावर माणसे वाढविली तर ते आणखी रखडते. कारण चौघांत बोलण्याच्या सहा वाटा असतात, तर दहांत पंचेचाळीस. ही अडचण उच्चारांची नव्हे, एकमेकांचे काम समजून घेण्याची आहे.

म्हणून तोंडी परीक्षेत प्रत्येकाला सोबत्याचा भाग समजावून सांगावयास लावावे. कामाची आठवडेवार नोंद ठेवावी, भूमिका आळीपाळीने बदलाव्यात. अध्यापक अपुरे, ही सबब खोटी नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाने हे सारे फुकट करावे, असे म्हणणे अन्यायाचेच होईल. ती पदे भरण्याची मागणी याच मागणीचा भाग आहे.

प्रकल्पाला विषय हवा असेल तर टोळीचा हिशेब घ्यावा: उचल, खाडा, टनेज, मजुराला मोबाइलवर मराठीत वाचता येईल असा. गाळप संपून टोळ्या परततात, तेव्हाच दुसरे सत्रही संपत आलेले असते. परीक्षक म्हणून त्यांनाच बोलवावे.